नळीतली काडी

"मंग मशीनचं पाणी थांबलं का?" इंदूमायनं विचारलं.

"थांबलं," गुणवंत म्हणाला. "एक थेंब नाही."

"पहिले पडे?"

"रोज. वाटीभर. कधी जास्तच."

"अन् आता नाई पडत."

"नाही."

"मंग ते गेलं कुठी?"

गुणवंत हसला. प्रश्न त्याला पोरकट वाटला. गळती बंद झाली, यात आणखी विचारण्यासारखं काय आहे...

"जाणार कुठं, माय? आतच असेल."

माय गहू निवडत होती, ती निवडत राहिली. गुणवंत थोडा वेळ शाबासकीची वाट बघत उभा राहिला आणि मग निघून गेला.

चिखलदऱ्याच्या पठारावर, गावापासून जरा आडबाजूला, इंदूमायचा आश्रम होता. आश्रम म्हणजे काही खोल्या, एक लांब ओसरी आणि मागच्या उतारावर कॉफीची झाडं. माय पूर्वी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली तेव्हा म्हणाली, जन्मभर पुस्तकाची भाषा बोलले, आता माझी बोलते. तेव्हापासून ती वऱ्हाडीशिवाय बोलली नाही. मोक्ष, साधना असले शब्द तिच्या तोंडी फारसे येत नसत. सकाळची कॉफी मात्र लागे, आणि तीही बिनसाखरेची.

कॉफी घरच्या झाडांची. ती लोखंडी कढईत भाजत, कुटत आणि पातेल्यात उकळत. मग नागपूरचं एक ओळखीचं जोडपं मुलीकडे परदेशी कायमचं राहायला गेलं आणि जाताना घरातलं एस्प्रेसो मशीन आश्रमाला देऊन गेलं.

मशीन चकचकीत आणि जड होतं. मागं पाण्याची टाकी, पुढं एक दांडी. दांडीच्या वाटीत पूड दाबून भरायची, दांडी मशीनच्या तोंडात फिरवून घट्ट बसवायची आणि बटण दाबायचं. आतला पंप घुरघुरे आणि गरम पाणी जोरानं पुडीतून खाली कपात येई. बटण बंद केलं की मशीन एक सुस्कारा टाकी, आणि आत उरलेलं पाणी एका बारीक नळीतून खालच्या ट्रेमध्ये थुंकून देई.

हे थुंकणं गुणवंतला बघवत नव्हतं.

गुणवंत इंगोले आश्रमाचं कोठार सांभाळायचा. डबे ओळीनं, दोऱ्या गुंडाळलेल्या, कुलपांना तेल दिलेलं. बाहेरचे पाहुणे आले की चार शब्द सांगायला तोच उभा राहायचा, आणि बोलायचा अगदी शुद्ध. त्याची आणखी एक ख्याती होती. ती तो स्वतः सांगत नसे, पण दुसऱ्यानं सांगितली की नम्रपणे मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेई. त्यानं पंगतीत आजवर काही ठेवलं नव्हतं.

हे पंगतीचं सांगायला हवं. आश्रमात कोणाच्या हातून एखादी वस्तू मोडली, बिघडली, हरवली, तर त्यानं दुपारच्या जेवणाला ती पंगतीच्या मधोमध ठेवायची आणि म्हणायचं, "माझ्या हातून." एवढंच. कोणी काही विचारायचं नाही, समजूतही काढायची नाही. माय म्हणे, "जेवा," आणि सगळे जेवायला लागत. ठेवलेली वस्तू मग दुरुस्त होईपर्यंत मायच्या ओसरीत राही. फुटका कंदील, जळकी कढई, तुटलेला खाटेचा पाय, सगळ्यांनी काही ना काही ठेवलं होतं. एकदा तर मायनंच स्वतःचा चष्मा ठेवला होता, त्यावर ती बसली होती म्हणून.

गुणवंतनं कधी काही ठेवलं नव्हतं. लोक त्याचं उदाहरण देत.

तर मशीन. ते सुरुवातीला खरंच गळत होतं. दांडीच्या कडेनं पाणी ठिबके. गुणवंतनं दांडी जोर लावून आवळली. थांबलं नाही. आणखी आवळली, आणखी गळायला लागलं. मग त्यानं मशीनच्या तोंडातलं रबरी कडं काढून पाहिलं, तर ते वाळून कडक झालं होतं आणि मागच्या खाचेत जुनी पूड घट्ट बसली होती. त्यानं अमरावतीहून नवं कडं मागवलं, खाच सुईनं कोरून साफ केली, कडं बसवलं. हे काम चोख झालं. तो इथं थांबला असता तर फार बरं झालं असतं.

पण ट्रेमध्ये पाणी पडतच होतं. तो ट्रे रोज ओतून टाकायचा असतो हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तो भरून वाही आणि ओट्यावर ओल येई. येणारे-जाणारे म्हणत, "भाऊ, अजून गळतेच की हे." आपल्या हातचं काम अजून गळतं आहे, हे ऐकून घ्यायची गुणवंतला सवय नव्हती. त्यानं ती बारीक नळी शोधून काढली. कडुनिंबाची काडी तासली, तिला नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळली आणि नळीत ठोकून बसवली.

ओटा कोरडा झाला. त्याच संध्याकाळी तो मायला सांगायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली आणि शेवंताबाई कॉफी करायला गेली.

स्वयंपाकघर शेवंताबाईचं. नवरा गेल्यावर चार दिवस राहायला म्हणून आली आणि इथलीच झाली. आता वय झालं होतं. हाताला थोडा कंप सुटायचा, आणि तो कोणाला दिसू नये म्हणून ती रिकामी असली की हात पदराखाली धरायची. मशीनची दांडी फिरवायची खुबी मात्र तिच्याइतकी कोणाला साधली नव्हती.

पहिला कप भरला. तिनं बटण बंद केलं. मशीननं सुस्कारा टाकला नाही. तिनं दांडी फिरवली.

फाट्‌ असा आवाज झाला. उकळतं पाणी आणि पूड वाटीतून उसळून तिच्या उजव्या हातावर आली, मनगटापासून कोपरापर्यंत.

शेवंताबाई ओरडली नाही. "अवं माय," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

गुणवंत दारातच उभा होता...

त्याला त्याच क्षणी कळलं. धावत जाऊन गार पाणी त्यानंच आणलं. तिचा हात पाण्याखाली त्यानंच धरला. दवाखान्यात तोच घेऊन गेला, पट्टी होईपर्यंत तोच बाहेर उभा राहिला. सगळं केलं. एक वाक्य तेवढं बोलला नाही.

दुपारी पंगत बसली. शेवंताबाईनं दोन बायकांच्या मदतीनं मशीन आणून मधोमध ठेवलं. पट्टी बांधलेला हात छातीशी धरला होता.

"माह्या हातून," ती म्हणाली. रीतीप्रमाणे तिनं तिथंच थांबायचं. पण ती थांबली नाही. "घाई केली म्या. हात ऱ्हायला नाई आता माहा."

"जेवा," माय म्हणाली.

गुणवंत जेवला. भात पुन्हा मागून घेतला, कारण नाही घेतला तर कोणीतरी विचारलं असतं. मला या माणसाची इथं चीड येते. आणि खरं सांगायचं तर त्या घासांची कल्पना केली की कीवही येते.

जेवणं झाल्यावर शेवंताबाई गाठोडं बांधायला लागली. परतवाड्याला भाचा होता. दुपारची एसटी मिळाली असती.

"आज माह्या अंगावर आलं," ती बायकांना सांगत होती, "उद्या कोन्या लेकराच्या अंगावर येईन. नाई बाप्पा. हात कामातून गेला की मानसानं चुलीपाशी राहू नाई."

गुणवंतनं ते खिडकीतून ऐकलं. तो तिच्याकडे गेला नाही. तो ओसरीत गेला, कारण मशीन तिथं होतं आणि काडी अजून नळीतच होती.

माय मशीनशेजारीच बसली होती.

"माय, मशीन कोठारात नेतो. नीट तपासतो."

"ने. पहिले मले कॉफी पाज."

"आत्ता?"

"आता."

ओसरीत पाण्याच्या मोटारीसाठी विजेचा पॉइंट होता. गुणवंतनं मशीन लावलं. काय करावं त्याला सुचेना. मायच्या देखत पक्कड घेऊन नळीत घालता येत नव्हती. कॉफी करू, दांडीला हातच लावायचा नाही, गार झाल्यावर बघू, असं त्यानं मनाशी ठरवलं. पूड भरली. दांडी बसवली. पंप घुरघुरला, कप भरला. त्यानं बटण बंद केलं.

मशीन गप्प राहिलं.

त्यानं कप मायच्या हातात दिला. मायनं तो खाली ठेवला, गुडघ्यावर हात देत उठली आणि मशीनपाशी आली. तिनं दांडी धरली.

"शेवंता कशी फिरवे? अशी?"

"माय, हात लावू नका!"

तो ओरडला होता. त्यानं मायचं मनगट घट्ट पकडलं होतं. मायला असं कोणी कधी पकडलं नव्हतं.

"काहून?"

"आत दाब आहे."

"बटन तं बंद हाये."

"बंद असलं तरी... आत अडकला आहे."

"शेवंताले ठाव होतं हे?"

"नाही."

"तुले?"

माय दांडी सोडत नव्हती. तो मनगट सोडत नव्हता.

"काल ठाव नव्हतं, माय. शपथ. सकाळी ते उसळलं तवा समजलं मले." त्याची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "म्या काडी ठोकली नळीत. ओटा वला दिसे म्हनून. लोक म्हनत, गळते म्हनून. अन् पंगतीत ती बोलली तवा... तवा मी तिच्या बाजूलेच बसलो होतो."

"मंग?"

"जेवलो."

मायनं दांडी सोडली.

"काढ ते."

त्यानं हाताला फडकं गुंडाळलं, मशीन कलतं केलं आणि पक्कडीनं काडी ओढली. फस्स करून वाफ आली आणि ट्रेमध्ये तपकिरी पाणी पडलं. अगदी थोडं होतं. एका माणसाचा हात भाजायला एवढंच पुरलं होतं. तो त्या पाण्याकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते आणि वर बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

"मला शिक्षा द्या, माय. कोठार सोडतो. उपास करतो. महिनाभर मौन पाळतो."

"मौन तं सकाळपासून पाळूनच राह्यला."

"उद्या पंगतीत सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"उद्या पंगतीत शेवंता नसन."

गुणवंत अनवाणीच पळाला.

शेवंताबाई थांब्यावर बसली होती, गाठोडं मांडीवर. एसटी आली नव्हती. बाजूला दोघं-तिघं ओळखीचे उभे होते, म्हणून तो क्षणभर घुटमळला. हो, तेव्हासुद्धा घुटमळला. मग तिच्यापुढं जमिनीवर बसला आणि त्यांच्यादेखत सगळं सांगितलं. काडी, टेप, नळी, आत कोंडलेलं पाणी. पंगतीत आपण गप्प राहिलो ते.

शेवंताबाई ऐकत होती. मग तिनं पदराखालचा डावा हात बाहेर काढला, डोळ्यांसमोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजे... माहा हात थरथरला म्हनून नाई झालं?"

"नाही, मावशी."

"कोनाच्याही हातून झालं असतं?"

"कोणाच्याही."

"मायच्याही?"

"मायच्याही."

ती रडायला लागली. गुणवंतला वाटलं, आता बोलेल. दोन शिव्या देईल, कदाचित थोबाडीत मारेल. त्यानं गाल पुढं केल्यासारखी मान वर केली.

"म्या समजली, मी संपली," शेवंताबाई म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "बरं झालं सांगतलं, भाऊ. लय बरं झालं."

मग डोळे पुसून ती हळूच म्हणाली, "पंगतीत नका सांगू पन. तुमचं नाव हाये चारचौघात. म्या सांगतलंच हाये माह्या हातून म्हनून, तेच राहू द्या."

हे ऐकून गुणवंतला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्यानं तिचं गाठोडं उचललं आणि दोघं परत निघाले. वाटेत ती भाजलेल्या हातावर काय काय लावतात ते सांगत होती. तो हूं हूं करत होता आणि तिच्या पुढं पुढं चालत होता.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. गुणवंतनं कडुनिंबाची काडी मधोमध ठेवली. एवढीशी काडी, मागच्यांना दिसेना, ते माना उंच करून बघायला लागले. गुणवंतनं बोलायचं ठरवून ठेवलं होतं. त्यानं घसा साफ केला.

"साधकाच्या मनात जो सूक्ष्म अहंकार असतो..."

"वरन थंडं होऊन राह्यलं," माय म्हणाली.

"माझ्या हातून," गुणवंत म्हणाला. "मावशीचा हात माझ्या हातून भाजला. काल मी बोललो नाही."

एका म्हाताऱ्यानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा गडू त्याच्या जवळ सरकवला.

"जेवा," माय म्हणाली.

शेवंताबाई डाव्या हातानं वाढत होती. गुणवंतच्या पानाशी आली तेव्हा तिनं भाकरीवर जास्तीचं तूप घातलं. "घ्या न भाऊ, काल रातपासून धड जेवले नाई तुमी."

तिची पांढरी पट्टी त्याच्या ताटावरून गेली. गुणवंतनं घास खाली ठेवला.

दुपारी तो ओसरीत आला. माय कॉफीची वाळलेली बोंडं सोलत बसली होती.

"माय, मला धारणीला पाठवा. तिथल्या शाळेला माणूस हवा आहे."

"काहून? तिथी काय गळते?"

तो हसला नाही.

"इथं राहवत नाही."

"कोनी बोललं तुले?"

"नाही. कोणी एका शब्दानं बोललं नाही."

"शेवंता बोलली?"

"ती कशाला बोलेल... ती सकाळी लाडू घेऊन आली. माझ्यासाठी वेगळा ठेवला होता म्हणाली."

"मंग?"

गुणवंत खांबाशी बसला. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. शेवंताबाई एका हातानं घासत असल्यामुळं भांडं सारखं घरंगळत होतं, आणि दर वेळी त्याचे खांदे आखडत होते.

"ती समोर आली की मला..."

"काय?"

"राग येतो, माय."

"कोनाचा?"

"तिचा." हे बोलताना त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. "तिनं माझं काय केलं? काहीच नाही केलं. तरी येतो. ती गोड बोलली की आणखी येतो. ती गेली असती तर बरं झालं असतं, असंही आज मनात आलं. इतका मी... मला लाज वाटते, माय. स्वतःची किळस येते. तिनं तर मला तिथं थांब्यावरच माफ करून टाकलं."

मायच्या हातातलं बोंड फुटलं. तिनं बी बाजूला ठेवली, टरफल बाजूला ठेवलं.

"तिनं तं केलं," माय म्हणाली. "तू तिले कवा माफ करशील?"